आठवा रकाना

मनुष्य सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्या हाताला काम उरत नाही, हा समज ज्यांनी कधी सरकारी चाकरी केली नाही अशा मंडळींनी पसरवलेला आहे. महसूल खात्यात चौतीस वर्षे घालवून, नियत वयोमानानुसार म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, अव्वल कारकून या हुद्द्यावरून मी घरी परतलो, तेव्हा माझ्या हातांना इतके काम होते की त्यापायी घरातली माणसे मेटाकुटीस आली. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातील डब्यांना अनुक्रमांक दिले. दुसऱ्या आठवड्यात डाळतांदळाच्या आवक-जावकीची एक नोंदवही घातली. आणि तिसऱ्या आठवड्यात, मुगाच्या डाळीची शिल्लक वहीशी जुळत नसल्याचे निदर्शनास आल्यावरून, कुटुंबाकडे तोंडी खुलासा मागितला. खुलासा तत्काळ मिळाला. "अहो, एक तर तुम्ही कुठं तरी शिकायला जा, नाही तर मी माहेरी जाते," असा तो होता. कुटुंबाचे माहेर आता तिच्या धाकट्या भावजयीच्या ताब्यात असल्यामुळे त्यातला दुसरा पर्याय केवळ शोभेचा आहे हे मला कळत होते. परंतु पहिल्या पर्यायामागचा स्वर मी चौतीस वर्षे रावसाहेबांच्या दालनात ऐकलेला होता, आणि त्या स्वरापुढे हरकत नोंदवण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

काय शिकावे, हा प्रश्न चिरंजीवांनी सोडवला. ते पुण्यास एका संगणक कंपनीत असून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच 'टीम लीड' झालेले आहेत. त्यांच्या पथकात अकरा माणसे आहेत, त्यांपैकी सहा कशाचे ना कशाचे लीड आहेत आणि उरलेली पाच येत्या एप्रिलात होणार आहेत. "बाबा, इनोव्हेशन अँड लीडरशिपचं मास्टर्स करा," ते म्हणाले, "शनिवार-रविवार असतं, कुठलीही पदवी चालते, आणि लोकांना कामं सांगायची तुम्हाला सवय आहेच." लोकांना काम सांगणे निराळे आणि ते काम कोठे अडले आहे हे सांगणे निराळे, अव्वल कारकून जन्मभर करतो ते दुसरे. पण हा भेद समजावण्याची ती वेळ नव्हती. उपदानाच्या रकमेतून मी शुल्क भरले आणि १९८४ सालच्या बी.कॉम.च्या प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित करून घेण्यासाठी कोणा राजपत्रित अधिकाऱ्याच्या शोधात निघालो, तेव्हा खिडकीवरील मुलीने सांगितले की आता आपले प्रमाणपत्र आपणच साक्षांकित करावयाचे असते. मी अर्धा मिनिट स्तब्ध उभा राहिलो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पुढे जी काही नवी तत्त्वे कानांवर पडली, त्यांपैकी एकानेही मला तेवढा धक्का दिला नाही.

माहितीपत्रकावर अभ्यासक्रमाचे मराठी नाव 'नाविन्यता व नेतृत्व' असे छापलेले होते. आमच्या शाळेतील व्याकरणाच्या मास्तरांना हे पत्रक दाखवता आले असते, तर त्यांनी ते पत्रक आणि मला दोघांनाही बाकावर उभे केले असते. 'नवीन' या विशेषणापासून 'नावीन्य' हे भाववाचक नाम सिद्ध होते, त्यातला 'वी' दीर्घ असतो, आणि भाव एकदा वाचून झाल्यावर त्याच्या डोक्यावर पुन्हा 'ता' चढवणे म्हणजे पागोट्यावर टोपी घालणे होय. एकाच शब्दात दोन चुका, आणि त्याही कोठून नक्कल न करता. तेव्हा शब्दाने आपला अर्थ पाळला होता असे म्हणणे भाग आहे. 'नेतृत्व' मात्र निर्दोष होते. त्या जागी 'पुढारीपण' हा खरा मराठी शब्द सुचवावा असे मला एकवार वाटले. पण त्या शब्दाने टिळकांच्या काळापासून आजवर जी उतरण अनुभवली आहे ती पाहता, त्याची पदवी घेण्यास कोणी पालक आपल्या मुलाला पैसे देईल असे वाटेना.

पहिल्या शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने साताऱ्याहून निघालो आणि खंबाटकी ओलांडून पुण्यातल्या वर्गात वेळेपूर्वी वीस मिनिटे रुजू झालो. हजेरीपटावर आम्ही एकतीस जण होतो. बाणेरला राहणारी एका परदेशी कंपनीतील मुलगी, सहकारी साखर कारखान्यातले एक इंजिनियर, शिकवणी वर्गाचे एक मालक, एका नगरसेवकाचा पुतण्या, दोन दंतवैद्य आणि असेच इतर. प्राध्यापक माझ्या मुलाहून चारदोन वर्षांनी मोठे असावेत. त्यांनी प्रत्येकाला उभे राहून 'मी कशाचा नेता आहे' हे एका वाक्यात सांगावयास लावले. तीस जणांनी सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी, "महोदय, मी आजवर कोणाचाही नेता नव्हतो, मी टिपणी ठेवीत असे," असे म्हणालो, त्यावर वर्ग हसला आणि त्या दिवसापासून मी सर्वांचा 'काका' झालो.

तीस नेते आणि एक काका असा वर्ग असला म्हणजे काय होते, हे दुसऱ्या शनिवारी कळले. पाच-पाच जणांचे गट पाडण्यात आले आणि आमच्या गटाला एक मोठा पांढरा कागद आणि चार रंगांची शाई पैदा करावयाची होती. त्यासाठी प्रथम दृष्टी निश्चित झाली, मग ध्येय, मग मूल्ये; नंतर या खरेदीत आपापली भूमिका काय यावर पाऊण तास विचारविनिमय झाला; कारखान्याच्या इंजिनियरांनी कामाचा आराखडा आखला आणि नगरसेवकाच्या पुतण्याने तो आराखडा आपला असल्याचे जाहीर केले. दुपारी एक वाजता मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद आणि शाई घेऊन आलो आणि पावती गटप्रमुखापुढे ठेवली. गटप्रमुख चार असल्यामुळे ती कोणीच घेतली नाही. आजही ती माझ्याकडे आहे. अमेरिकेत रॉबर्ट केली नावाच्या अध्यापकाने १९८८ साली हार्वर्डच्या व्यवसायविषयक नियतकालिकात अनुयायांच्या स्तुतीपर एक लेख लिहिला आणि संस्था चालतात त्या पुष्कळ अंशी चांगल्या अनुयायांमुळे, असे त्यात प्रतिपादन केले. आमच्या चार सत्रांत या लेखाच्या वाट्याला अर्धा तास आला, आणि तोही वीज गेली होती तेव्हा.

नावीन्याच्या विषयाला मी भीत होतो. जन्मभर विहित नमुन्यात लिहिलेल्या माणसाला कोरा कागद दिसला की घाम फुटतो. परंतु पहिल्याच महिन्यात आमच्या हाती एक छापील तक्ता आला, त्यावर नऊ चौकटी होत्या, प्रत्येक चौकटीला मथळा होता आणि कोणत्या चौकटीत काय भरावे याच्या सूचना होत्या. ऑस्टरवाल्डर नावाच्या एका स्विस गृहस्थाने एका सहकाऱ्याच्या साह्याने २०१० च्या सुमारास हा तक्ता प्रसिद्ध केला असून जगातील कोणताही धंदा, मग तो विमानांचा असो वा वडापावाचा, या नऊ चौकटींत बसतो अशी त्याची ख्याती आहे. ग्राहक कोण, त्यांना काय मिळणार, पैसा कोठून येणार, कोठे जाणार. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आमच्याकडे गाव नमुने एक ते एकवीस आहेत. त्यातला सातवा जमीन कोणाची ते सांगतो आणि बारावा तीत काय पिकले ते सांगतो, आणि या दोघांना जोडून जो सातबारा होतो त्याच्या रकान्यांत अवघा महाराष्ट्र बसलेला आहे. वर्गातील तरुण मंडळी त्या नऊ चौकटींकडे पाहत नखे खात बसली असताना मी तक्ता अकरा मिनिटांत भरून, खाली तारीख टाकून, लागू नसेल तेथे 'निरंक' असे लिहून परत केला. प्राध्यापकांना 'निरंक' या शब्दाचे फार कौतुक वाटले. ग्राहकांच्या चौकटीत तो लिहिणारा मी त्यांच्या पाहण्यात पहिलाच होतो.

मग चिठ्ठ्यांचे प्रकरण उद्भवले. नावीन्याच्या शिक्षणात पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांना आपल्याकडील अक्षतांचे स्थान आहे. त्या उधळल्याखेरीज कोणतेही कार्य सिद्धीस जात नाही. त्यांची कथाही आम्हाला सांगण्यात आली. थ्री-एम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाने १९६८ साली घट्ट डिंक शोधता शोधता एक कच्चा डिंक शोधला, जो चिकटे पण धरून ठेवीत नसे. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतले आर्ट फ्राय चर्चमध्ये भजनाच्या पुस्तकातील खुणेचे कागद गळून पडतात म्हणून त्रासले होते, त्यांना त्या डिंकाची आठवण झाली. आणि १९८० पासून या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विकावयास आल्या. बारा वर्षे एक निरुपयोगी डिंक त्या कंपनीने सांभाळला, ही गोष्ट आम्हाला चिकाटीचे उदाहरण म्हणून शिकवली जाते. मला त्यात दिसली ती जुनी कागदपत्रे जपून ठेवणाऱ्या कोणा अभिलेखपालाची पुण्याई, पण त्याचे नाव त्या कथेत येत नाही.

तर आम्ही समस्येवर विचार करून दोनशे चिठ्ठ्या लिहिल्या आणि भिंतीकडे वळलो. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'भिंतीवर काहीही चिकटवण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' पाटीखाली सभागृहाचे राखणदार स्टुलावर बसलेले होते. एकतीस भावी आणि वर्तमान नेते त्या पाटीपुढे उभे राहिले. कोणी इंग्रजीत बोलून पाहिले, कोणी 'माझ्या काकांना फोन लावू का' असे विचारून पाहिले, बाणेरच्या मुलीने संस्थेच्या मूल्यांचा हवाला दिला. राखणदार म्हणाले, "लेखी आणा." तेव्हा मात्र मी पुढे झालो. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. डिंक कच्चा असून भिंतीस इजा संभवत नाही. झाल्यास भरपाईची हमी. सबब, परवानगी मिळण्यास विनंती आहे. अर्ज दोन प्रतींत केला, एका प्रतीवर आवक शिक्का घेतला, आणि पोच खिशात ठेवली. परवानगी सतराव्या दिवशी मिळाली. तोपर्यंत 'शीघ्र प्रतिकृतिनिर्मिती' हा घटक संपून गेला होता. शिवाय पावसाळा लागला होता, आणि भिंतीला इतकी ओल आली होती की चिठ्ठ्या लावताक्षणी चुन्याच्या पोपड्यांसह खाली येऊ लागल्या. भरपाईची हमी माझ्या सहीची होती.

पुस्तकी भाग मला मनापासून आवडला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यात मी एका अभ्यासापाशी फार रेंगाळलो. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावर ग्रंथ लिहिला आणि माणसांची वर्गवारी केली: शंभरात अडीच नवे करणारे, साडेतेरा लवकर उचलणारे, चौतीस त्यांच्यामागून, पुढचे चौतीस खात्री पटल्यावर, आणि उरलेले सोळा मागे रेंगाळणारे. त्या ग्रंथाच्या मुळाशी आयोवा प्रांतातील संकरित मक्याचा अभ्यास आहे, जो रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांना गाठले आणि त्यांना असे दिसले की १९२८ ते १९४१ या अवधीत २५७ जणांनी नवे बियाणे घेतले.

दोघांनी घेतले नाही. वर्गातील चर्चा २५७ जणांवर झाली, माझे चित्त मात्र त्या दोघांपाशी गुंतून राहिले. तेरा वर्षे चहूबाजूंनी शेजाऱ्यांची कणसे टरारत असताना हे दोन म्हातारे (ते म्हातारेच असले पाहिजेत) बांधावर बसून काय बोलत असतील? की त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती आणि प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत होते? मी स्वतः त्या सोळांतला आहे. १९९५ च्या सुमारास आपल्याकडे पेजर आले तेव्हा मी घेऊ-घेऊ म्हणत थांबलो, आणि माझी मनाची तयारी पूर्ण झाली तोवर पेजरच नाहीसे झाले होते. तात्पर्य, एक संपूर्ण यंत्रयुग मी बिनखर्चात पार केले. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा प्राध्यापकांनी 'मागे रेंगाळणारे' या मथळ्याखाली माझे नाव फळ्यावर लिहिले आणि उदाहरण सापडल्याच्या आनंदात ते सत्राअखेरपर्यंत पुसले नाही.

आपल्या मुलखातले उदाहरण हवे असे त्यांनी म्हटल्यावरून मी लोखंडी नांगर निवडला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी असतानाच नांगर घडवले होते. शेतकरी म्हणत की लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षे गेली असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळ ओसाड माळ दिला, आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. प्राध्यापकांनी विचारले, "काका, यातून काय शिकलात?" मी म्हणालो, "नांगर चांगला असला तरी सातबारा लागतोच." औंधच्या राजाने माळ दिला नसता तर नावीन्य बिऱ्हाडासह बैलगाडीत बसून राहिले असते, एवढेच मला म्हणावयाचे होते, पण वर्गाला ते विनोदी वाटले.

नेतृत्वाच्या विषयात कुर्ट लेविन यांच्या प्रयोगाचे फार महत्त्व आहे. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दहा-दहा वर्षांच्या मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली, आणि कोणाला हुकूमशाही, कोणाला लोकशाही, कोणाला नुसतेच स्वस्थ बसणारे प्रमुख दिले. हुकूमशाही प्रमुख खोलीतून बाहेर पडला की त्या गटाचे काम थंडावे. लोकशाही गटाचे चालू राही. काही महिने केलेल्या अशा निरीक्षणांवर पाश्चात्त्यांनी ग्रंथ उभारले याचे मला नवल वाटते. रावसाहेब दौऱ्यावर गेले म्हणजे कचेरीत काय होते, हे आम्ही चौतीस वर्षे, साप्ताहिक, सर्व प्रकारच्या रावसाहेबांच्या बाबतीत, प्रत्यक्ष सहभाग घेऊन पाहिलेले आहे. आमचा निष्कर्ष लेविन यांच्याहून थोडा निराळा आहे: प्रमुख कोणत्याही पद्धतीचा असो, तो बाहेर गेल्यावर चहा येतो.

तिसऱ्या सत्रात 'अपयशाचा उत्सव' नावाचा एक तास होता. ज्याने त्याने आपले अपयश उभे राहून सांगावे आणि इतरांनी टाळ्या वाजवाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. मंडळींनी जी अपयशे सांगितली ती ऐकून मला संकोच वाटला, कारण त्यातील प्रत्येक अपयशाच्या शेवटी बढती होती. माझ्या अपयशाच्या शेवटी ज्ञापन होते. तरी मी ते सांगितले.

१९८९ साली मी कनिष्ठ लिपिक होतो आणि एका तालुक्याच्या कचेरीत आवक बारनिशी सांभाळीत असे. त्या वहीला सात रकाने: अनुक्रमांक, आवक तारीख, पत्राचा क्रमांक व तारीख, कोणाकडून, विषय, कोणत्या संकलनाकडे दिले, शेरा. लोक रोज खिडकीपाशी येत आणि 'माझा अर्ज कुठंवर आला' असे विचारीत, आणि मी सहावा रकाना पाहून 'संकलनाकडे दिला' असे उत्तर देई, जे खरे असले तरी निरर्थक होते, कारण संकलन हे खाते आहे, माणूस नव्हे. त्या वर्षीच्या आषाढात कागदासारखा पातळ झालेला एक म्हातारा सलग नऊ दिवस येत राहिला. दहाव्या दिवशी, सर्वजण गेल्यावर, मी लाकडी रूळ घेतला, लाल शाईत बोरू बुडवला, आणि शेऱ्याचा रकाना, जो एरवी कोराच राहत असे, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. नव्या आठव्या रकान्यावर लिहिले: 'कागद सध्या कोणाकडे आहे'. रोज सायंकाळी टेबलाटेबलावर फिरून मी तो रकाना शिसपेन्सिलीने भरू लागलो.

तीन आठवडे फार सुखाचे गेले. मग एका खातेदाराने खिडकीतून वाकून वही वाचली आणि आपला फेरफाराचा कागद ज्या टेबलावर चार महिने झोपलेला होता त्या टेबलाशी, त्या टेबलाच्या मालकाचे नाव घेऊन, तो सरळ चालत गेला. त्या दिवशी समजले की मी रकाना आखला नव्हता, पत्ते वाटले होते. दुसऱ्या दिवशी मला ज्ञापन मिळाले: 'आपण विहित नमुन्यात परस्पर फेरबदल केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, आपणांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' कागद आवक झाला असल्याने मी तो नियमाप्रमाणे बारनिशीत चढवला आणि आठव्या रकान्यात लिहिले: 'माझ्याकडे'. खुलासा दिल्यावर खोडून लिहिले: 'भाऊसाहेबांकडे'. मग 'रावसाहेबांकडे'. मग, शिपायाने सांगितल्यावरून, 'रावसाहेबांच्या घरी'. ही शेवटची नोंद प्रकरण चिघळण्यास कारण झाली असे माझे मत आहे. मला सक्त समज मिळाली, पुढील वर्षाची वही सात रकान्यांचीच आली, आणि ती जुनी वही यथावकाश नष्ट करावयाच्या गठ्ठ्यात गेली.

वर्ग प्रथमच शांत झाला होता. प्राध्यापकांचे डोळे चमकत होते. "काका, याला कानबान म्हणतात!" ते ओरडलेच. जपानात टोयोटा कंपनीच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यात काम कोठवर आले हे सर्वांना दिसावे म्हणून चिठ्ठ्या फिरवल्या आणि त्यावर अवघ्या जगाचे कारखाने चालतात, अशी माहिती त्यांनी दिली. आणि बाणेरच्या मुलीने सांगितले की तिच्या कंपनीत असाच फलक आहे, त्यावर 'कोणाकडे' हा रकाना आहे, आणि त्यासाठी परदेशी कंपनीला दरमहा माणशी पैसे भरावे लागतात.

मला जपानपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. आमच्या खात्यातच दाखला होता. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपली कचेरी उलथीपालथी केली: जुने दप्तर उपसले, ठेवण्याचे आणि जाळण्याचे वेगळे केले, टेबलांची मांडणी बदलली, कागद सापडेल अशी व्यवस्था लावली. त्याचा 'लखिना पॅटर्न' झाला, दूरदूरचे लोक पाहण्यास आले, आणि राज्यातील इतर कचेऱ्यांनी तसे करावे असे ठरले. आमच्या कचेरीतही पॅटर्न आला होता; कपाटांना राखाडी रंग देण्यात आला आणि गठ्ठ्यांना नवी फडकी आली. मी टाळ्यांच्या गजरात खाली बसलो आणि वहीत तीन ओळी लिहिल्या, ज्या पुढे परीक्षेतही लिहिल्या आणि ज्यांना दहापैकी चार गुण मिळाले: जिल्हाधिकाऱ्याने केला तो पॅटर्न. ओनो साहेबांनी केली ती पद्धत. कनिष्ठ लिपिकाने केला तो विहित नमुन्यातील परस्पर फेरबदल.

शेवटच्या सत्रात प्रबंध होता. विषय अर्थातच शासकीय नोंदवह्या. लिहून दिल्यावर तो एका यंत्रातून काढण्यात आला आणि यंत्राने शेरा मारला की यातील सत्तावीस टक्के मजकूर अन्यत्र आढळतो. मार्गदर्शक गंभीर झाले. मी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम मागवून घेतले. मला त्या दोन वर्षांत मिळालेले हे सर्वांत आल्हाददायक वाचन. दहा टक्क्यांपर्यंत क्षम्य. दहा ते चाळीस या टप्प्यात सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे. साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. यंत्राने पिवळ्या रंगाने खुणावलेली वाक्ये मी पाहिली तर ती सारी 'उपरोक्त बाब विचारात घेता' आणि 'त्या अनुषंगाने असे निवेदन की' यांची इंग्रजी भावंडे होती. मी चोरी केलेली नव्हती. मी चौतीस वर्षे ज्या भाषेत श्वास घेतला ती भाषाच मुळात कोणाची एकट्याची नव्हती. तसा खुलासा मी तीन पानी दिला. खुलाशातील एकेचाळीस टक्के मजकूर अन्यत्र आढळला.

असो. सुधारून दिले, मंजूर झाले, मी उत्तीर्ण झालो. पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, पोच घेतली, आणि तीन महिने वाट पाहून गेल्या सोमवारी त्या खिडकीशी गेलो. आतला मुलगा पंचविशीचा असेल. संगणक बंद होता, म्हणून त्याने वही उघडली आणि माझ्या अर्जाच्या ओळीवरून बोट फिरवले.

"अर्ज आलाय काका. विभागाकडे दिलाय."

"विभागात कोणाकडे?"

"ते इथं लिहीत नाहीत."

मी वाकून पाहिले. वही उलटी दिसत होती तरी रकाने मोजता आले. सात होते, आणि शेवटचा, शेऱ्याचा, वरपासून खालपर्यंत कोरा होता. माझ्यामागे रांगेत पाच-सहा जण उभे होते; सर्वांत पुढची बाई हातातली पोच घडी घालून उलगडीत होती. मी चष्मा पुसला, खिशातून लाल पेन काढले आणि खिडकीच्या गजांतून हात आत घालून म्हणालो, "भाऊसाहेब, रूळ आहे का जरा?"